चिनी रुग्णांत मायक्रोस्कोपिक कोलायटिस खरंच कमी असतो, की तो शोधलाच जात नाही?

मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची अशी सूज, जी सूक्ष्मदर्शकाखालीच कळते आणि जुनाट, पाण्यासारखे जुलाब करते. तिचे दोन प्रकार : कोलॅजेनस (अस्तराच्या पृष्ठभागाखाली कोलॅजेन या प्रथिनाचा जाड पट्टा) आणि लिम्फोसायटिक (अस्तरात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त). तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चिनी रुग्णांवरच्या एका लेखात या आजाराचं प्रमाण बऱ्यापैकी मोठ्या टक्क्यांत दिलंय, पाठ्यपुस्तकं मात्र त्याला युरोप-अमेरिकेतल्या उतारवयातल्या बायकांचा आजार म्हणतात. मग खरं काय, आणि धोका कोणाला?

आधी तो टक्का कशाचा आहे ते बघा. युरोपात सगळी लोकसंख्या धरली तर लाखामागे साधारण ११९ जणांना हा आजार असतो. पण त्याच युरोपात फक्त जुनाट, पाण्यासारखे जुलाब असलेले लोक घेतले तर दर १०० जणांत १० हून जास्त निघतात. चिनी अभ्यास बहुतेक या दुसऱ्या जातीचे आहेत : रुग्णालयात आलेले, जुलाब महिनोन् महिने न थांबलेले, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत) आतडं ठीकठाक दिसलेले रुग्ण. तो आकडा शांघायच्या किंवा ग्वांगझूच्या सगळ्या नागरिकांना लावणं चूक, आणि त्याची तुलना युरोपच्या लाखामागच्या आकड्याशी करणं त्याहून चूक.

त्यातही टक्का काढताना भागाकाराचा छेद, म्हणजे एकूण किती जण, कोणता धरला ते तपासा. समजा ३०० रुग्णांची कोलोनोस्कोपी झाली, त्यातल्या १०० जणांच्याच बायोप्सी (तपासणीसाठी आतड्याचे तुकडे) घेतल्या आणि ६ जणांत आजार सापडला. लेखात ६ टक्के लिहिलं तरी खोटं नाही, २ टक्के लिहिलं तरी नाही. उरलेल्या २०० जणांत किती होते हे मात्र दोन्ही आकडे सांगत नाहीत.

माझ्या मते 'आशियात दुर्मिळ' या समजुतीतला मोठा वाटा इथे आहे. या आजारात दुर्बिणीतून आतडं बहुधा निरोगी दिसतं, निदान फक्त सूक्ष्मदर्शकाखाली होतं. दिसायला नॉर्मल म्हणून तुकडा घेतला नाही, की रुग्ण आयबीएसच्या (आतड्यात दोष न दिसता पोट बिघडत राहण्याच्या आजाराच्या) फायलीत जातो. लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं चिनी प्रौढांत इतकं सर्रास आहे की जुलाबांचं खापर दुधावर फुटायलाही वेळ लागत नाही.

म्हणजे सगळा फरक तपासणीचाच, असंही नाही. अमेरिकेत एकाच पद्धतीने तपासलेल्या मोठ्या बायोप्सी-नोंदींतही पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हा आजार कमी दिसला. भारतीय वंशाच्या लोकांतही तसंच. त्यामागे जनुकं असू शकतात : युरोपीयांत या आजाराशी, त्यातही कोलॅजेनसशी, जोडलेला एचएलएचा (रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा) ८.१ हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्र वारशाने येणारा जनुकांचा संच, पूर्व आशियात क्वचित सापडतो. दुसरी शक्यता हेलिकोबॅक्टरची. पोटात हा जंतू असलेल्यांत मायक्रोस्कोपिक कोलायटिस कमी आढळतो, आणि चीनमध्ये तो पश्चिमेपेक्षा बराच जास्त आहे. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तेव्हा हेलिकोबॅक्टर मारू नका असा अर्थ काढू नका.

आता धोक्याचे घटक. वय आणि बाई असणं हे सगळीकडचे. धूम्रपानाचं गणित मात्र चीनमध्ये वेगळं मांडावं लागतं. २०१८ च्या सर्वेक्षणात तिथले ५०.५ टक्के पुरुष आणि जेमतेम २.१ टक्के बायका तंबाखू ओढणाऱ्या निघाल्या. धूम्रपानाने धोका वाढतो आणि आजार लवकर गाठतो. तेव्हा स्त्री-पुरुष वेगळे न काढता धूम्रपान मोजलं, तर बाई असण्याचा परिणाम आणि सिगारेटचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. 'धूम्रपानाशी संबंध नाही' असा निष्कर्ष दिसला तर आधी ही फोड केलीय का ते बघा.

सर्वांत उपयोगाचा भाग औषधांचा, कारण ती बदलता येतात : अ‍ॅसिडिटीच्या पीपीआय गोळ्या, वेदनाशामकं, अ‍ॅस्पिरिन, सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं. जपानमध्ये लॅन्सोप्राझोल आणि कोलॅजेनस कोलायटिस यांची जोडी इतकी ठळक आहे की तिथे आतड्यात लांबट रेषांसारख्या जखमाही दिसतात. चीनमध्ये अ‍ॅकार्बोज या गोळीबद्दल मुद्दाम विचारावं. मधुमेहासाठी ते तिथे भरपूर दिलं जातं आणि संशयित औषधांच्या यादीत ते आहे. पेच असा की अ‍ॅकार्बोजने न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, त्यामुळे कोलायटिस नसतानाही शौच पातळ होते आणि गॅस होतो. कर्करोगावरच्या पीडी-१ औषधांनीही (जी रोगप्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात) सूक्ष्मदर्शकाखाली असंच चित्र उमटू शकतं, पण ती गोळीसारखी परस्पर बंद करायची नसतात. ते ऑन्कोलॉजिस्टने (कर्करोगतज्ज्ञाने) ठरवायचं.

औषधाची तारीख आणि जुलाबाची तारीख शेजारी-शेजारी लिहा. पोट बिघडलंय म्हणूनच कित्येकांना पीपीआय सुरू होते. मग कारण आणि परिणाम उलटे वाचले जातात. थायरॉइडचे व इतर ऑटोइम्यून आजारही (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) विचारा. सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) युरोपात महत्त्वाचा, चीनमध्ये एकंदर कमी.

बायोप्सी कशी घ्यावी : उजव्या आणि डाव्या बाजूचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत, कुठले ते लिहून. नुसत्या गुदाशयाच्या तुकड्यावर भिस्त ठेवली तर, विशेषतः कोलॅजेनसमध्ये, निदान निसटतं, कारण कोलॅजेनचा पट्टा तिथे पातळ असू शकतो. कोलॅजेनससाठी पृष्ठभागाखालचा पट्टा १० मायक्रॉनहून जाड हवा, लिम्फोसायटिकसाठी पृष्ठभागाच्या दर १०० पेशींमागे २० हून जास्त लिम्फोसाइट. तुकडा तिरका कापला गेला तर नॉर्मल पट्टाही जाड भासतो. अशा वेळी कोलॅजेन वेगळं दाखवणारा मॅसन ट्रायक्रोम रंग द्यावा आणि सरळ कापलेल्या जागीच मोजावं. लिम्फोसाइट लसिका-गाठीच्या (अस्तरातल्या लिम्फोसाइटच्या नेहमीच्या पुंजक्याच्या) माथ्यावर मोजू नयेत, आणि उजव्या बाजूला ते मुळातच थोडे जास्त असतात हे ध्यानात ठेवावं. गोंधळ असेल तर लिम्फोसाइट उठून दिसावेत म्हणून सीडी३ रंग द्यावा. कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची चाचणी) नॉर्मल आलं म्हणून हा आजार नाही असं धरू नका.

एक शेजारचा आजार यात मिसळू देऊ नका. गार्डेनियाचं फळ असलेली चिनी काढे-औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आतड्याच्या शिरा कठीण होऊन मेसेंटेरिक फ्लेबोस्क्लेरोसिस होतो. त्यातही जुलाब असतात, पण आतडं निळसर-जांभळं दिसतं आणि सीटीत शिरांवर चुना साठलेला दिसतो. काढ्यांचा इतिहास विचारायचा तो याच्यासाठी.

निदान झालं तर संशयित औषध डॉक्टरांशी बोलून थांबवणं हे पहिलं. लक्षणं सौम्य असतील तर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड चालतं. जास्त असतील तर ब्युडेसोनाइड (मुख्यतः आतड्यात काम करणारं स्टिरॉइड) रोज ९ मिलिग्रॅम, ६ ते ८ आठवडे. ते थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांना जुलाब परत येतात, आणि मग कमीत कमी पुरेल तो डोस चालू ठेवतात. ब्युडेसोनाइडने काहीच फरक पडला नाही तर पित्ताम्लांचा जुलाब (पित्तातली आम्लं मोठ्या आतड्यात गेल्याने होणारा) तपासावा आणि स्लाइड पुन्हा बघायला द्यावी.