प्रशिक्षण संपलं, आता वर्गात काय?

माध्यमिक विज्ञान शिक्षकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : प्रशिक्षणाहून परतलं की चार दिवस उत्साह असतो. मग अभ्यासक्रम संपवायच्या घाईत सगळं मागे पडतं. शिकलेलं टिकवायचं कसं?

ऐकलेल्या दहा गोष्टींपैकी एकच उचला. ती कोणत्या इयत्तेला, कोणत्या धड्याला, कोणत्या तासाला करणार, हे तिथून निघण्याआधीच वहीत लिहा. 'कृतियुक्त शिकवीन' हा संकल्प हवेत विरतो. 'मंगळवारी आठवीला घनतेच्या तासाला आधी अंदाज लिहून घेईन' हा वर्गापर्यंत पोचतो. तीच गोष्ट निदान तीन तासांना करून बघा. पहिल्या वेळी ती बहुधा फसतेच: सूचना लांबतात, साहित्य वाटण्यात दहा मिनिटं जातात, मुलांनाही नवी रीत ठाऊक नसते. नेमकं इथेच बरेच जण 'आमच्या वर्गात हे चालत नाही' म्हणून थांबतात.

सुरुवातीला काय उचलावं हे सुचत नसेल तर प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मोबाइलवर आपला एक तास ध्वनिमुद्रित करून मोजा. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, म्हणून मनातल्या मनात आकडे म्हणा. मुलाचं उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. बरेचदा दुसरं वाक्य तेव्हाच येतं.

प्रश्न : ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांचा उपयोग होतो का?

विषयज्ञान पक्कं करायला होतो. शिकवण्याची सवय बदलायला फारसा नाही, कारण तिथे तुमचा वर्ग कोणीच बघत नाही.

प्रश्न : एकमेकांचे तास बघायचं ठरवलं, पण सगळ्यांना ती तपासणीच वाटते.

शिक्षकाकडे बघितलं की तपासणीच होणार. मुलांकडे बघा. जपानमध्ये शिक्षक वर्षानुवर्षं 'पाठ-अभ्यास' करत आले आहेत, त्यातली मुख्य गोष्ट हीच. तीन-चार जणांनी मिळून एकाच तासाचं टाचण करायचं. त्यामुळे तास फसला तर तो सगळ्यांचा फसतो. टाचणात एक जादा रकाना आखा : 'इथे मुलं काय म्हणतील?' हा रकाना भरताना जो वाद होतो, तेच खरं प्रशिक्षण. बाकीचं टाचण एकट्यालाही जमतं.

तासाच्या वेळी निरीक्षकांनी मागच्या बाकावर बसू नये. तिथून फक्त पाठी दिसतात. प्रत्येकाने दोन-तीन मुलं वाटून घ्यावीत, बाजूला उभं राहावं आणि ती काय लिहितात, काय खोडतात, शेजाऱ्याला काय सांगतात हे शब्दशः टिपावं. मुलाला मदत करायची नाही. हे सगळ्यात अवघड जातं. चर्चा त्याच दिवशी घ्या. आधी शिकवणाऱ्याने बोलायचं, मग प्रत्येकाने फक्त टिपलेलं वाचून दाखवायचं, मतं शेवटी. 'छान झाला' एवढ्यावर बैठक संपत असेल तर टिपणं झालेली नाहीत असं समजा.

प्रश्न : पाण्यातल्या पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवला की पाणी एक-पंचमांश चढतं, म्हणून हवेत 21% ऑक्सिजन, असं आम्ही शिकवतो. नव्या सहकाऱ्याने हरकत घेतली आहे.

हरकत रास्त आहे. तोच पेला, तेवढंच पाणी घेऊन आधी एक आणि मग तीन मेणबत्त्या लावून बघा. तीन असताना पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच होता! आणखी दोन गोष्टी बारकाईने पाहा. पेला टेकवताना काठाशी बुडबुडे येतात का? आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावरच झपकन चढतं ना? तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, उरलेली थंड होऊन आकुंचन पावते, म्हणून पाणी आत येतं. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते. मेण जळताना ऑक्सिजनच्या साधारण तीन भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन भाग तयार होतात. म्हणजे ज्वलनाने होणारी घटही थोडीच.

ऑक्सिजनचं प्रमाण दाखवायचं असेल तर गंज वापरा, कारण लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन शोषला जातो. बारीक स्टील वूल (लोखंडी तारांचा पुंजका) मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवा, म्हणजे वरचं तेल निघेल. मग पाण्याने धुऊन झटका. आम्ल राहिलं तर लोखंडाशी हायड्रोजन तयार होतो आणि मापन बिघडतं. वूल सैलसर करून परीक्षानळीच्या तळाशी बसवा, नळी पाण्याच्या चंचुपात्रात उपडी उभी करा आणि एक-दोन दिवस ठेवा. मोजताना नळी वरखाली करून आतली आणि बाहेरची पातळी एक करा, नाहीतर आतला दाब कमी राहून उत्तर चुकतं. पाणी सुमारे पंचमांश चढायला हवं. कमी चढलं तर वूल अपुरं असेल किंवा तेल राहिलं असेल. स्टेनलेस घासणी घेतली असेल तर पाणी हलणारही नाही.

विभागाच्या बैठकीत असाच एकेक प्रयोग घ्या. आधी प्रत्येक शिक्षकाने अंदाज आणि कारण कागदावर लिहायचं, मग प्रयोग, मग चर्चा. नुसता तोंडी अंदाज घेतला तर ज्येष्ठ बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

प्रश्न : मी जीवशास्त्राची. यंदा विद्युत परिपथ शिकवायचा आहे. कुठून सुरुवात करू?

एक 1.5 व्होल्टचा सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि टोकं सोललेली एकच वायर घ्या. बल्ब लावून दाखवा, पुस्तक न बघता. पुष्कळ पदवीधर इथे अडतात, कारण बल्बला दोन जोडटोकं असतात, तळाचं टोक आणि धातूची बाजू, हे कधी बघितलेलंच नसतं. वायर सेलच्या दोन्ही टोकांना थेट लागली तर ती तापते, लगेच सोडा. इथे एलईडी नको. लाल एलईडीला साधारण 1.8 व्होल्ट लागतात, शिवाय उलटा जोडला तर तो लागतच नाही, आणि मुलांची चूक झाली की एलईडीची, हे कळेनासं होतं.

मग दोन सारखे बल्ब एकसरीत जोडा, पण त्याआधी विचारा : कोणता जास्त उजळेल? 'पहिला' असं उत्तर येईल, कारण पहिला बल्ब थोडा विद्युतप्रवाह खाऊन टाकतो असं मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं. प्रवाह मोजणारा अॅमीटर आधी, मध्ये आणि शेवटी लावा. तिन्हीकडे एकच आकडा येतो. कधी बल्ब खरोखरच कमी-जास्त उजळतात आणि मुलं म्हणतात, 'बघा, बाई!' तेव्हा दोघांच्या जागा बदला. जास्त प्रकाश त्याच बल्बाबरोबर दुसरीकडे गेला, तर फरक बल्बांच्या आतल्या तारांमध्ये आहे, जागेत नाही.