जुनी चित्रं नीट करणारी माणसं असतात का? माझ्या मामांबद्दल सांगते

तुमचा प्रश्न असा की आजोबांचं जुनं तैलचित्र काळं पडलंय, रंगाच्या खपल्या निघतायत, तर असली चित्रं नीट करणारी माणसं खरंच असतात का आणि ह्या कामावर कोणाचं पोट भरतं का. असतात हो. माझे सख्खे मामा आयुष्यभर हेच करत आले, गिरगावात. पोट मात्र ह्याच्यावर नाही भरायचं, ते भरायचं फोटो फ्रेमवर.

चाळीच्या तळमजल्यावर छोटासा गाळा, पाटीवर फक्त "फोटो फ्रेम, काच, आरसे". सकाळची भवानी म्हणजे कोणाचं डिग्री सर्टिफिकेट नाहीतर लग्नाचा फोटो, आणि गेलेल्या माणसाचा फोटो आला की हातातलं सगळं बाजूला ठेवायचे कारण तेराव्याला तो भिंतीवर हार घालून लागला पाहिजे. त्या फ्रेमच्या पैशात त्यांनी कधी घासाघीस केली नाही, देतील ते घ्यायचे. गाळ्याचं भाडं, लाईट बिल, माझा पगार सगळं ह्यातनं निघायचं. आणि मागे पडद्याआड एक टेबल होतं, तिथे एकेक चित्र चारचार महिने पडून असायचं. गिऱ्हाईक चिडायचं, मामा ऐकून घ्यायचे.

मी कॉलेज संपल्यावर त्यांच्याकडे लागले ती ९ वर्षं होते. पहिलं वर्षभर फक्त कापसाच्या काड्या वळल्या. तुमचं चित्र काळं पडलंय म्हणताय ना, बरेचदा रंग काळा पडलेला नसतोच, वरचं व्हार्निश जुनं होऊन पिवळं तपकिरी होतं आणि त्याच्यावर उदबत्तीचा, चुलीचा धूर आणि धूळ बसते. हा वरचा मळ काढायला मामा काय वापरायचे माहितीये? थुंकी. कापूस जिभेवर ओला करायचा, नखाएवढ्या जागेवर हलकेच फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, नवीन घ्यायचा. ऐकायला कसंतरी वाटतं पण लाळेत जे एन्झाइम असतं त्याने मळ सुटतो, मोठमोठ्या म्युझियममध्येसुद्धा हे करतात. पडदा त्याच्यासाठीच होता, आपल्या आजोबांचा चेहरा कोणीतरी उष्ट्या कापसाने पुसतंय हे घरच्यांना बघवणार नाही म्हणून. आणि देवाचं चित्र असलं की थुंकी बंद, डिस्टिल्ड वॉटरच, तेही कोपऱ्यात आधी टेस्ट करून. वेळ दुप्पट लागायचा तरी हा नियम मोडला नाही.

देवांची चित्रं खूप यायची. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली लक्ष्मी सरस्वती घराघरात पोचलेली. लोक घेऊन यायचे आणि सांगायचे की ओरिजिनल रविवर्मा आहे, लाखोंचा. मामा भिंग त्यांच्याच हातात द्यायचे आणि लक्ष्मीच्या गालावर धरायला लावायचे, बारीक बारीक ठिपके दिसायचे, म्हणजे दगडावरून छापलेलं. माणसाचा चेहरा पडायचा. मग मामा तितक्याच प्रेमाने सांगायचे की छापील असलं तरी तुमच्या पणजीने ह्याच्यासमोर दिवा लावलाय, नीट करून देतो.

एकदा एक सरस्वती आली, तिच्या साडीवर कोणीतरी खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या. पूर्वी बायका घरी असं करायच्या. मालकांना ते सगळं काढून प्लेन चित्र हवं होतं, विकायचं होतं त्यांना. मामांनी काम घेतलं नाही. बोलले, "छापखान्याने एकाच्या हजार काढल्या असतील, हे टाके एकाच बाईने घातलेत." तो महिना आमचा फार तंगीत गेला, मला आठवतंय कारण माझा पगार २ हप्त्यांत झाला होता.

कामाच्या बाबतीत त्यांचं एकच म्हणणं होतं, जे करशील ते उद्या दुसऱ्याला काढता आलं पाहिजे. रंग जिथे उडालाय तेवढ्याच खड्ड्यात भरायचा, शेजारच्या मूळ रंगावर एक केससुद्धा चढता कामा नये, आणि भरताना असा रंग वापरायचा जो नंतर सहज सुटेल. तरुणपणी त्यांनी बऱ्याच कॅनव्हासना मागून मेण आणि राळ वितळवून, इस्त्री फिरवून दुसरं कापड चिकटवलं होतं, तेव्हा सगळे तसंच करायचे. पण मेण कॅनव्हासमध्ये मुरतं, रंग काळपटतात, आणि मुरलेलं परत पूर्ण निघत नाही. ह्याची त्यांना शेवटपर्यंत टोचणी होती. म्हणून नंतर प्रत्येक चित्राच्या मागे पाकिटात चिठ्ठी ठेवायला लागले, तारीख, कुठे काय भरलं, कशाने भरलं.

मामा गेले, गाळाही बिल्डिंगसोबत गेला, आता मी घरूनच थोडं काम करते. मागच्या वर्षी एका पारशी आजींचं पोर्ट्रेट आलं, पाणी गळून खराब झालेलं, मागे पाकीट आणि आत मामांचं अक्षर. "डावी भुवई, साडीची कोर, अंगठा." मी त्या भुवईकडे कितीतरी वेळ बघत होते, मला त्यांचं काम वेगळं ओळखता येईना. शेवटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावला तेव्हा भरलेली जागा गडद दिसली. पाण्याने खालचं फिलिंग, म्हणजे रंगाच्या आधी खड्डा भरायला लावलेला थर, फुगलं होतं त्यामुळे ते काढावंच लागणार होतं. काडी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे भरलेला रंग विरघळवणाऱ्या द्रवात बुडवली, दोनदा फिरवली आणि मामांची भुवई अलगद कापसावर आली, खालच्या रंगाला धक्कासुद्धा नाही. ती काडी मी टाकली नाही, डबीत ठेवलीये.

तुमच्या चित्राचं म्हणाल तर खपल्या निघतायत ना, मग त्याला कापडसुद्धा लावू नका, आणि कोणी बटाटा किंवा कांदा चोळायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. भिंतीवरून उतरवून, रंगाची बाजू वर ठेवून आडवं ठेवा, खपल्या पडल्या असतील तर त्या कागदात जपून ठेवा, त्या परत बसवता येतात. पावसाळ्यात कोणाकडून व्हार्निश करून घेऊ नका, दमट हवेत ते दुधाळ पडतं, मामा जून ते सप्टेंबर व्हार्निशची बाटली उघडायचेच नाहीत. आणि ज्याच्याकडे द्याल त्याला आधी विचारा, तुम्ही भरलेला रंग नंतर काढता येईल का.