वाचकांचे प्रश्न : उपचाराच्या तक्त्यात न मावणारी कामे

प्रश्न : मी मूळची शहादा तालुक्यातील असून मुंबईत व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी) पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. महाविद्यालयातर्फे आम्हाला धडगाव परिसरातील काही पाड्यांवर समाजसेवेसाठी नेण्यात आले होते. तेथे पक्षाघातातून बऱ्या झालेल्या एका बाईंची मी तपासणी केली. रोजची कामे स्वतः किती करता येतात हे मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकाच्या तक्त्याप्रमाणे त्या जवळजवळ पूर्ण स्वावलंबी ठरल्या. त्यांचे पती मात्र सांगत होते, की तिच्याने आता घरातले काहीच होत नाही. परतल्यावर आम्हाला ‘सेवेतून सामाजिक न्यायाविषयी काय शिकलात’ या विषयावर टिपण लिहायला सांगितले आहे. गरिबी, पाणी, रस्ते या गोष्टी आमच्या हातात नाहीत. मग हे आमचे काम आहे, असे कसे म्हणावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या टिपणाचा विषय तुमच्या पत्रातच आहे. तक्ता बाईंना स्वावलंबी म्हणतो आणि घर म्हणते की त्यांच्याने काही होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, याचा शोध तुम्ही घेतलात तर ‘सामाजिक न्याय’ हा शब्द वेगळा शोधत बसावे लागणार नाही.

बार्थेल निर्देशांक १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात जेवण, आंघोळ, कपडे घालणे, शौच, चालणे, जिना चढणे अशा दहा बाबी आहेत आणि पूर्ण गुण १०० आहेत. रुग्णाला रुग्णालयातून घरी सोडताना तो अतिशय उपयोगी पडतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु सातपुड्यातील ज्या पाड्यावर एकाही घराला जिना नाही, तेथे आपण जिन्याचे गुण विचारतो. आणि झऱ्यावरून पाण्याचा हंडा आणणे, जळणाची मोळी बांधणे, भाकरी थापणे, लेकराला झोळीत घेऊन शेतावर जाणे यांपैकी एकाही कामाची आपल्या कागदावर नोंद होत नाही. त्यामुळे एखाद्या बाईला शंभरपैकी शंभर गुण मिळू शकतात आणि तरीही ज्या कामांवर तिचे घरातले स्थान उभे होते, ती सगळी कामे तिच्या हातून गेलेली असू शकतात. कोणाच्या आयुष्यातील कामे मोजायची आणि कोणाची मोजायची नाहीत, हे तक्ता तयार होतानाच ठरलेले असते. तुम्ही त्या बाईंना ‘दिवस उजाडल्यापासून तुम्ही आधी काय काय करायचा?’ एवढे विचारून, मिळालेल्या उत्तरांची यादी तक्त्याला जोडली, तर तुमची तपासणी पूर्ण होईल. बाई पावरी किंवा भिली बोलत असतील, तर दुभाषी म्हणून पतीऐवजी गावातील आशाताईंना बसवावे. पतीसमोर बाई काय सांगतात आणि आशाताईंजवळ काय सांगतात, यांत पुष्कळ फरक पडतो.

हे आमचे काम आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. आपल्या देशातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारताच्या झालेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. आजारी किंवा दिव्यांग माणसाला त्याच्या रोजच्या कामांत परत उभे करणे, हा या शास्त्राचा गाभा आहे. पुढे ॲन विलकॉक आणि एलिझाबेथ टाउनसेंड या अभ्यासकांनी अशी मांडणी केली, की आपल्याला अर्थपूर्ण वाटणारी कामे करता येणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि परिस्थितीमुळे किंवा व्यवस्थेमुळे तो डावलला जात असेल तर तो अन्याय आहे. जागतिक व्यवसायोपचार महासंघानेही २००६ साली मानवी हक्कांविषयी याच आशयाची भूमिका जाहीर केली. तेव्हा ‘हे समाजसेवकाचे काम, आपले नव्हे’ असे कोणी सांगितले, तर ते आपल्याच विषयाला धरून नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता त्या बाईंकडे वळू. एका हाताने भाकरी करायला शिकवता येते. परात फिरू नये म्हणून तिच्याखाली ओल्या फडक्याची घडी ठेवावी आणि परात भिंतीला टेकवावी. पीठ तळहाताच्या टाचेने दाबून मळावे. अधू हात मांडीवर निजवून न ठेवता परातीच्या काठावर ठेवावा, म्हणजे तो कामात राहतो. खरी अडचण भाकरी उचलून तव्यावर टाकण्याची असते. तेव्हा ती ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट तव्यावर उलटी करावी. पहिल्या काही भाकरी फाटतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. एवढे जमले की त्या घरातले वातावरण कसे बदलते, ते तुम्ही स्वतः पाहाल. पाण्याच्या हंड्याचे मात्र असे होणार नाही. चढउताराच्या पायवाटेवर, तोल पूर्ण न सावरलेल्या बाईंना डोक्यावर हंडा घ्यायला शिकवणे धोक्याचे आहे. तेथे हंड्याऐवजी कडीची लहान कळशी चालेल का, पाणी घराजवळ आणण्याविषयी ग्रामसभेत कोणी मागणी केली आहे का, आणि पाणी भरणे हे घरातल्या बायकांचेच काम का मानले जाते, हे तीन प्रश्न उरतात. त्यांतला पहिलाच उपचाराचा आणि बाकीचे दोन बाहेरचे, अशी विभागणी मला मान्य नाही.

आपल्या खान्देशात आणखी एक गोष्ट कोणत्याही विद्यार्थ्याने आधी समजून घ्यावी, ती म्हणजे स्थलांतर. नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात आणि होळीला परततात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलासाठी शहरातून आणलेली जड लाकडी खुर्ची अशा कुटुंबाच्या काय कामाची? ट्रकमध्ये ती चढत नाही, ऊसतोड्यांच्या कोपीत म्हणजे झोपडीत मावत नाही, आणि मूल पुन्हा चार-पाच महिने आईच्या कडेवर किंवा जमिनीवर पडून राहते. त्यापेक्षा गावातल्याच बांबूकाम करणाऱ्याकडून, मुलाच्या मापाची, घडी करून डोक्यावर नेता येईल अशी टेकण तयार करून घ्यावी. पुढच्या भेटीची तारीख महाविद्यालयाच्या वेळापत्रकावरून न ठरवता होळीनंतरची धरावी. मूल नियमित उपचाराला येत नाही म्हणून ‘पालक उदासीन’ असा शेरा मी कितीतरी कागदांवर वाचला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप आला आहे. ते पालक उदासीन नसतात. ते त्या दिवसांत फडात असतात.

इजांचेही तसेच आहे. मळणीयंत्रात हात गेलेला मजूर तुमच्यासमोर आला, तर बोटांच्या हालचाली आणि पकडीची ताकद तुम्ही मोजालच. त्याबरोबर यंत्राच्या तोंडाशी संरक्षक पन्हाळे होते का आणि भरपाई मिळाली का, हेही विचारा. मळणीयंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे आणि मजुराला इजा झाल्यास भरपाईची तरतूद त्यात आहे. पण शेतमालक आणि मजूर दोघांनाही त्याची माहिती क्वचितच असते. तुम्ही वकील नाही, हे खरे. परंतु इजा केव्हा, कोणत्या यंत्रावर आणि कोणते काम करताना झाली, हे तुमच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेले असेल, तर तोच कागद त्याला पुढे उपयोगी पडतो.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ तुम्ही वाचला नसेल तर टिपण लिहिण्याआधी तो वाचावा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात ते २१ झाले. आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सातपुड्यातील आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. त्याचा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून वेदनेमुळे कामावर न जाणाऱ्या तरुणाला आळशी ठरवले जाते. अशा तरुणाला कामाची विभागणी, विश्रांतीच्या वेळा, पुरेसे पाणी पिणे आणि थंडीपासून बचाव हे शिकवणे आपले काम आहेच; त्याला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा रस्ता दाखवणे हेही आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि तपासणीसाठी डोंगरातल्या माणसाला दिवसाची मजुरी बुडवून, घाटरस्त्याने खाली उतरून यावे लागते. एखादा कागद कमी पडला म्हणून त्याला परत फिरावे लागू नये, यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी पाड्यावरच करून देणे ही तुमच्या शिबिरातली सर्वांत मोलाची सेवा ठरू शकेल.

टिपणात ‘आम्ही गरिबांना मदत केली’ असे लिहू नये. कोणते काम कोणाच्या हातून गेले, ते शरीरामुळे किती आणि व्यवस्थेमुळे किती, आणि त्यातले काय तुम्ही न सोडवता परत आलात, एवढे लिहावे.

प्रश्न : माझी मुलगी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेत आहे. गावोगावच्या सेवाकार्यात तिचा बराच वेळ जातो. पुढे चांगल्या रुग्णालयात नोकरी मिळवण्यासाठी याचा उपयोग आहे का?
– एक पालक, अमळनेर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. परीक्षेच्या तोंडावर शिबिरे ठेवली जात असतील, तर आपण महाविद्यालयाकडे तसे अवश्य कळवावे. नोकरीपुरते बोलायचे, तर रुग्ण घरी गेल्यावर कोणत्या ओट्यावर, कोणत्या मोरीत वावरणार आहे, हे ज्याने पाहिले आहे, त्याचा सल्ला अधिक नेमका असतो, आणि मोठ्या रुग्णालयांनाही तोच हवा असतो.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी कुठले ना कुठले विद्यार्थी येतात, मुलांची तपासणी करतात, फोटो काढतात आणि जातात. नंतर आयाबाया मला विचारतात, ‘ताई, त्या डॉक्टरबाई परत कधी येणार?’ मी काय सांगू?
– एक अंगणवाडी सेविका, यावल तालुका

उत्तर : ताई, आपला प्रश्न या सदरातील सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपली नाही, त्या महाविद्यालयांची आहे. ज्यांच्या दारात शिकायला जायचे, त्यांना पुढे काय होणार हे न सांगता निघून जाणे हाही अन्यायच आहे.

पुढच्या वेळी विद्यार्थी आले की तपासणी सुरू होण्याआधीच त्यांच्या शिक्षकांना बसवून घ्यावे आणि काही गोष्टी मागाव्यात. तपासलेल्या प्रत्येक मुलाची नोंद मराठीत लिहून, तिची एक प्रत आईच्या हाती द्यावी. पुढच्या भेटीची तारीख आणि जबाबदार शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक अंगणवाडीत लिहून ठेवावा. आईची परवानगी घेतल्याशिवाय मुलाचा फोटो काढू नये; आपण नकार दिला तरी तपासणी थांबवण्याचा अधिकार कोणाला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित असते. विद्यार्थ्यांनी काढलेल्या नोंदी त्या पथकाला दाखवाव्यात, म्हणजे मुलाला पुढे पाठवणे सोपे जाते. सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, हेही आयांना सांगावे. ‘हे पोरगं शाळेत कसं बसेल’ असे म्हणून कोणी त्याला परत पाठवले, तर नकार लेखी मागावा. आणि जे महाविद्यालय पुढची तारीख द्यायला तयार होणार नाही, त्याला ग्रामपंचायतीमार्फत कळवावे, की तारीख ठरल्यावरच यावे.