परसातील कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे आठ गावठी कोंबड्या व एक कोंबडा आहे. दिवाळीपर्यंत रोज दोन-तीन अंडी मिळत असत. आता आठवड्यातून एखादेच मिळते. खाणे पूर्वीसारखेच आहे, आजाराचे लक्षण दिसत नाही, मात्र दोन कोंबड्यांची पिसे फार झडली आहेत व एक खुडूक होऊन रिकाम्या टोपलीत बसून असते. टॉनिक द्यावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : टॉनिकची बाटली आणण्याआधी दिवसाची लांबी लक्षात घ्या. कोंबडीच्या डोळ्यांवर किती तास उजेड पडतो, त्यावर मेंदूतून सुटणारी संप्रेरके अवलंबून असतात व तीच अंडाशयाला चालना देतात. आपल्याकडे जूनमध्ये दिवस 13 तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो 11 तासांवर येतो. चांगल्या अंडी-उत्पादनासाठी मात्र 14 ते 16 तास उजेड लागतो. खुराड्यात पहाटे दोन-तीन तास लहानसा दिवा लावल्यास फरक पडू शकतो, परंतु ही वेळ एकदम न वाढवता दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी. आठ गावठी कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप करावा असे मला स्वतःला वाटत नाही. दिवस मोठा होऊ लागला की त्या आपोआप अंड्यावर येतात.

पिसे झडणे हाही याच ऋतूचा भाग असू शकतो. पीस मुख्यतः प्रथिनांचेच बनलेले असते, त्यामुळे नवी पिसे येईपर्यंत कोंबडीने खाल्लेले प्रथिन तिकडे जाते आणि अंडी थांबतात. या दिवसांत नुसत्या तांदळाच्या कण्या व कोंडा घालून भागत नाही. शेंगदाण्याची पेंड द्यावी, वाळवी मिळाल्यास उत्तम. चिपळुणात सुकट सहज मिळते, पण ती खारवलेली असेल तर भिजवून, पाणी फेकून, मगच द्यावी, कारण जादा मीठ कोंबड्यांना बाधते. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या करवंटीत ठेवावा. अंड्यावर असलेली कोंबडी तो गरजेप्रमाणे टिपते, इतर कोंबड्यांवर तो लादला जात नाही.

आठांपैकी अंड्यावर कोण आहे, हे हाताने तपासता येते. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात शिरल्यावर तिला काखेत धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावत असतील, द्वार रुंद व ओलसर असेल आणि तुरा लालभडक असेल, तर ती अंडी देत आहे. जेमतेम एक बोट मावत असेल आणि तुरा फिकट व आक्रसलेला असेल, तर ती सध्या थांबली आहे. अंड्यावर असलेल्या कोंबड्या तीन-चार निघाल्या आणि टोपलीत मात्र काहीच नसेल, तर अंडी गवतात किंवा लाकडांच्या ढिगाऱ्यात पडत आहेत, अथवा मुंगूस तुमच्याआधी तिथे पोहोचत आहे, असे समजावे. काही दिवस कोंबड्या सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवा. बहुतेक अंडी तोवर पडलेली असतात.

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची नसतील, तर तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, खाद्यपाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. काही घरांत अशा कोंबडीच्या नाकपुडीत पीस खुपसतात किंवा तिला गार पाण्यात बुचकळतात. हा रोगापेक्षा इलाज भयंकर असा प्रकार आहे. तो करू नये.

प्रश्न : केवळ अंडी हवी असतील तर कोंबडा पाळणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कोंबड्याशिवायही अंडी मिळतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. 21 दिवस अंडी उबवून पिल्ले काढायची असतील, तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

प्रश्न : मानमोडीने (राणीखेत रोगाने) गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्या बहुतेक घरांच्या कोंबड्या मेल्या. लसीची कुपी शंभर मात्रांची मिळते. माझ्याकडे पक्षी बाराच आहेत. काय करावे?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ही अडचण एकट्याने सुटणारी नाही व एकट्याने सोडवूही नये. लस एकदा द्रावणात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या सर्वांनी एकच दिवस ठरवून, आदल्या संध्याकाळी पक्षी कोंडून, पहाटे एका फेरीत लसीकरण उरकावे. कुपी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच आणावी. खिशातून आणलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. पिल्लांना पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी हे इंजेक्शन देतात. मरगळलेल्या किंवा हिरवट-पांढरी हगवण लागलेल्या पक्ष्यांना त्या दिवशी वगळावे. मानमोडी झाल्यावर तिच्यावर औषध नाही, तेव्हा मान वाकडी झालेली कोंबडी दिसताच ती वेगळी ठेवावी आणि मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. एकाच वेळी अनेक पक्षी पटापट मेले, तर मात्र मानमोडीच असेल असे गृहीत न धरता त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता, आणि दोन्ही रोगांतला फरक प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरत नाही.