मालात फेंटानिल (अफूच्या जातीचं जोरदार कृत्रिम औषध) आहे का ते तपासायच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. आता हा माल घ्यायला सुरक्षित का?

नाही. दोन रेघा म्हणजे फेंटानिल सापडलं नाही, एकच रेघ म्हणजे आहे. गरोदरपणाच्या चाचणीची सवय असलेले हमखास उलटं वाचतात. तुम्ही बरोबर वाचलंय, पण तपासलीत ती चिमूटभर पूड. पुडीत सगळं सारखं मिसळलेलं नसतं आणि फेंटानिल हेरॉइनच्या साधारण ५० पट जोरदार. उरलेल्या पुडीतले चार कण पुरतात. नायटाझीन (त्याच जातीचं दुसरं कृत्रिम द्रव्य) तर या पट्टीला दिसतच नाही.

पण पट्टी राहू दे, डोस जास्त झालेली माणसं "घोरतोय ना, झोपू दे, उतरेल" या शहाणपणाने मरतात. हा वाद मी घालतच राहणार. ते घोरणं झोपेचं नसतं. मेंदू श्वासाचा हुकूम द्यायला विसरत चाललेला असतो, घसा सैल पडून जीभ मागे जाते, म्हणून तो गुरगुरतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ-नखं निळी. सावळ्या माणसाची राखेसारखी. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात रगडा. जागा झाला नाही, तर रुग्णवाहिका बोलवा आणि नॅलोक्सोनचा (अशा नशेवरचा उतारा) ४ मिलिग्रॅमचा फवारा एका नाकपुडीत मारा. मग डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटून तोंडाने दर ५ सेकंदांना एक श्वास. २-३ मिनिटांत फरक नाही, तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. त्याने उठून बोलायलाच हवं असं नाही, श्वास नीट चालला की पुरे. मग कुशीवर वळवा. श्वास अजिबात नसेल, अंग निपचित असेल, तर छाती दाबायला लागा. गार पाणी, मिठाचं पाणी, थोबाडीत मारणं, सगळा वेळेचा नाश.

शुद्धीवर आला की "मी ठीक आहे" म्हणेल, तळमळेल, पुन्हा मागेल. देऊ नका, सोडूनही जाऊ नका. नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटांत ओसरतं, माल त्याहून जास्त वेळ टिकू शकतो, आणि श्वास पुन्हा बुडतो.

झायलाझीन (जनावरांना गुंगी आणायचं औषध) किंवा झोपेच्या गोळ्या मिसळलेल्या असतील तर नॅलोक्सोनने तो जागा होईलच असं नाही. तरी द्याच, त्याने नुकसान नाही. आणि हो, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं: घेणारच असाल तर एकट्याने नको, दारूवर नको, आधी अगदी थोडं घेऊन थांबा. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतेच सुटला असाल, तर जुना डोस विसरा. शरीराची सवय काही दिवसांतच उतरायला लागते.