सोलापूरचे कोटणीस डॉक्टर

प्रश्न : डॉ. कोटणीसांना चीनमध्ये अजून एवढा मान का?

उत्तर : मी सोलापूरची, ३० वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होते. एकदा वीज गेली, तर टाके पूर्ण होईस्तोवर टॉर्च धरून माझा हात भरून आला. द्वारकानाथ कोटणीसांनी तर ऐन युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या! १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. चौघे परतले, कोटणीस मात्र चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याबरोबर, आठव्या रूट आर्मीबरोबर राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराने (फिट्स येऊन) गेले. वय अवघं ३२. सोलापुरात त्यांच्या घरीच स्मारक आहे. नक्की जाऊन या.