आधी कोणतं चिन्ह? तुलनेच्या अटींवर प्रश्नोत्तरे

उदाहरणांतली नावं देवनागरीत आहेत. पायथन 3 आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही प्रोग्रामिंग भाषांत ती तशीच चालतात.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): द्राक्षमण्याचा व्यास 16 ते 18 मिलिमीटर असेल तरच माल पास, यासाठी पायथनमध्ये `16 <= व्यास <= 18` लिहिलं. तीच अट जावास्क्रिप्टमध्ये टाकली तर 25 मिलिमीटरचा मणीही पास होतो.

उत्तर: पायथन इथे दोन तुलना करतो आणि दोन्ही खऱ्या ठरल्या तरच होकार देतो. जावास्क्रिप्टमध्ये अशी साखळी नाही. तिथे आधी डावीकडची तुलना सुटते आणि तिचं उत्तर, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, 18 शी ताडलं जातं. ट्रूचा 1 होतो, फॉल्सचा 0. दोन्ही 18 पेक्षा लहानच. म्हणून 25 काय नि 5 काय, सगळे पास! `16 <= व्यास && व्यास <= 18` असं लिहा. && (म्हणजे 'आणि') चा अग्रक्रम, म्हणजे आधी सुटण्याचा मान, तुलनेच्या खाली असल्याने कंस नसले तरी चालतं.

प्रश्न (लासलगाव): कांद्याच्या नोंदी पांडाजमध्ये (पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी) आहेत. `भाव > 1500 & वजन < 20` लिहिलं की एरर येते.

उत्तर: पायथनमध्ये & हे चिन्ह अग्रक्रमात तुलनेपेक्षा वरचं. त्यामुळे आधी `1500 & वजन` सुटतं, आणि उरतं ते `भाव > (काहीतरी) < 20`. ही झाली साखळी. साखळीला एकच हो-नाही हवं असतं. अख्ख्या स्तंभाचं ते देता येत नाही, म्हणून एरर. `(भाव > 1500) & (वजन < 20)` लिहा, कंस दोन्हीकडे.

एरर आली हे बरंच झालं. साध्या आकड्यांवर हीच चूक गुपचूप खपते. भाव 1200, वजन 15 घ्या: `1500 & 15` म्हणजे 12 (आकड्यांवर हे चिन्ह दोन्हींच्या बायनरी रूपात जिथे 1 आहे तेवढेच 1 ठेवतं), मग `1200 > 12 < 20` ट्रू. भाव 1500 च्या खाली असूनही नोंद निवडली जाते.

प्रश्न (सिडको): `शहर == "नाशिक" or "मालेगाव"` नेहमी खरंच का ठरतं?

उत्तर: == आधी सुटतं, 'ऑर' नंतर. शहर नाशिक नसेल तर नुसतं "मालेगाव" उरतं, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) खरीच धरली जाते. `शहर in ("नाशिक", "मालेगाव")` लिहा.

प्रश्न (सातपूर): फॉर्ममधून आलेला "९०" हा "१००" पेक्षा मोठा ठरतो.

उत्तर: ती अक्षरांची तुलना आहे; पहिल्याच अक्षराला ९ हा १ च्या पुढे, तिथेच निकाल लागतो. आधी आकडा करा. पायथनचं `int("१००")` थेट 100 देतं. जावास्क्रिप्टचं `Number("१००")` मात्र 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') देतं, म्हणून तिथे देवनागरी अंक आधी बदलून घ्या. नॅनशी केलेली < आणि >= दोन्ही फॉल्स येतात. त्यामुळे (! म्हणजे नकार) `!(रक्कम < 100)` आणि `रक्कम >= 100` यांना एकच समजू नका; नॅन असेल तर पहिलं ट्रू, दुसरं फॉल्स. कंसही जपा: `!रक्कम < 100` मध्ये ! आधी लागतं, आणि मग ती अट रक्कम कितीही असो, खरीच ठरते.